अमेरिकन यादवी युद्धात सैनिक आणि घरच्यांची पत्रं एकमेकांना कशी पोहोचत?

आपापल्या बाजूला, म्हणजे उत्तरेत किंवा दक्षिणेत, साध्या टपालाने. उत्तरेत अर्ध्या औंसाला ३ सेंट लागत. छावणीत तिकिटं मिळणं मुश्किल, म्हणून जुलै १८६१पासून सैनिकाला बिनतिकिटाचं पत्र टाकता येई. पाकिटावर 'सैनिकाचं पत्र' असा शेरा आणि अधिकाऱ्याची सही हवी. पैसे घरचे भरत. दक्षिणेत आधी अंतरानुसार ५ किंवा १० सेंट होते, जुलै १८६२पासून सरसकट १०.

खरी अडचण घर एका बाजूला आणि मुलगा दुसऱ्या बाजूला कैदेत असला की. जून १८६१ पासून दोन्ही बाजूंमधलं नेहमीचं टपाल बंद होतं. मग पत्र तात्पुरत्या युद्धविरामाच्या पांढऱ्या निशाणाखाली, बहुतेकदा व्हर्जिनियातल्या फोर्ट मन्रोमार्गे जाई. मजकूर एकच पान, फक्त घरगुती. पाकिटात पाकीट घालायचं आणि आतलं उघडं ठेवायचं, कारण तपासनीस वाचणारच. पलीकडच्या टपालाचे पैसेही द्यावे लागत. युद्धाची बातमी दिसली की पत्र अडलंच!

दक्षिणेत कागदाची इतकी टंचाई, की वापरलेली पाकिटं उलटी करून चिकटवत, भिंतीच्या शोभेच्या कागदाचीही पाकिटं करत. पान भरलं की ते फिरवून जुन्या ओळींवर काटकोनात लिहीत. अशी पत्रं वाचताना एका दिशेच्या ओळी आधी संपवा, मग पान फिरवा.