जुन्या अँप्लिफायरची घूं आणि खरखर: बोर्ड बदलण्याआधी हे तपासा

नमस्कार. तुमची तक्रार थोडक्यात अशी: वडिलांचा 1980च्या आसपासचा स्टिरिओ अँप्लिफायर आणि रेकॉर्ड प्लेअर बरीच वर्षं माळ्यावर पडून होता. आता लावलात तर सतत घूंऽऽ येते, व्हॉल्यूम फिरवला की खरखरतं आणि डावा स्पीकर मधेच मुका होतो. मेकॅनिक म्हणतोय, "आतलं सगळं संपलंय, नवीन आयसीचा बोर्ड टाकून देतो."

कृपया तो बोर्ड टाकू देऊ नका. मूळचा बोर्ड एकदा निघाला की भंगारात जातो, मग उरतो फक्त जुना डबा. तुमची तीन दुखणी बहुधा तीन वेगळ्या जागची आहेत आणि तिन्हींवर कमी खर्चात इलाज होतो. कुठला आवाज कुठून घुसतोय एवढं आधी ठरवा. त्यातलं बरंचसं झाकण न उघडताही ठरतं.

घूं आधी घेऊ. सेट चालू ठेवा, रेकॉर्डवरची सुई उचलून ठेवा आणि व्हॉल्यूम पूर्ण शून्यावर आणा. घूं तशीच राहिली तर ती व्हॉल्यूम कंट्रोलच्या पुढे शिरतेय, म्हणजे पॉवर सप्लाय किंवा आउटपुटचा भाग. व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त होत असेल तर ती मागून येतेय: डेक (म्हणजे रेकॉर्ड प्लेअर), वायरी, इनपुट, प्री-अँप (बारीक सिग्नल आधी वाढवणारा भाग). ही एक चाचणी निम्मा सेट संशयातून बाहेर काढते.

दुसरी खूण स्वराची. आपली वीज 50 हर्ट्झची. वायरीने किंवा अर्थिंगच्या घोळातून उचललेली घूं बहुधा 50 हर्ट्झची, खोल आणि गुळगुळीत असते. रेक्टिफायरमधून (एसीचं डीसी करणाऱ्या भागातून) गेल्यावर सप्लायमध्ये जी लहर उरते ती 100 हर्ट्झची, जरा वरची आणि किंचित खरबरीत. मोबाइलवर टोन जनरेटरचं एखादं अॅप घ्या आणि 50 व 100 हर्ट्झ आलटून पालटून ऐका. हेडफोन मात्र लावा, मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून 50 हर्ट्झ निघतच नाही.

व्हॉल्यूमबरोबर वाढणारी आणि फक्त 'फोनो'वर (रेकॉर्ड प्लेअरच्या इनपुटवर) येणारी घूं असेल तर आधी डेककडे बघा. मॅग्नेटिक कार्ट्रिज (सुई बसवलेला, तिच्या कंपनांची वीज करणारा तुकडा) जेमतेम 3 ते 5 मिलिव्होल्ट देतं. फोनो स्टेज ते शंभरएक पटीने वाढवते, शिवाय आरआयएए वळणामुळे (रेकॉर्ड कापताना आणि वाजवताना स्वर कमी-जास्त करायचं ठरलेलं प्रमाण) 50 हर्ट्झला 1 किलोहर्ट्झपेक्षा आणखी साधारण 17 डेसिबल, म्हणजे सातपट उठाव मिळतो. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो, तो इथे भरून काढतात. त्यामुळे जी घूं टेपवर किंवा ऑक्सवर (साध्या जादा इनपुटवर) जाणवतसुद्धा नाही, ती इथे अंगावर येते. डेकमधून एक बारीक सुटी वायर निघते, ती अँप्लिफायरच्या मागच्या 'जीएनडी' (ग्राउंड) स्क्रूला लागली आहे का पाहा. माळ्यावरून काढताना ती हमखास तुटते. आरसीए पिना (ऑडिओ वायरींच्या टोकाचे गोल प्लग) स्पिरिटने पुसा, सॉकेटमध्ये घट्ट फिरवून बसवा. डेक अँप्लिफायरच्या अगदी शेजारी किंवा डोक्यावर ठेवला असेल तर हातभर दूर सरकवून ऐका, ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र कार्ट्रिज सरळ उचलतं.

आपल्याकडच्या कितीतरी जुन्या डेकना सिरॅमिक कार्ट्रिज असायचं. ते काहीशे मिलिव्होल्ट देतं आणि फोनोवर लावलं तर आवाज फाटतो. कार्ट्रिजवरचा नंबर वाचून सांगा.

कुठल्याही इनपुटवर घूं येत असेल तर मागच्या सगळ्या वायरी काढा आणि फक्त स्पीकर ठेवा. थांबली? मग एकेक वायर परत लावत जा. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स जोडलेला असेल तर संशय पहिला त्याच्यावर. केबलची जाड वायर स्वतःचं अर्थिंग घेऊन घरात येते, अँप्लिफायरला प्लगमधून दुसरं मिळतं आणि दोन्हींमध्ये फिरणारा करंट तुम्हाला ऐकू येतो. केबलची वायर बॉक्समधून काढल्याबरोबर घूं गेली तर निदान पक्कं. बॉक्स आणि अँप्लिफायरच्या मध्ये 1:1चा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (आवाज पुढे देतो, पण दोन्हींमधला तारेचा जोड तोडतो) लावा. प्लगची अर्थची पिन मोडून घूं घालवायचा सल्ला अनेक जण देतात. घूं जातेही, पण आत कुठे लिकेज झालं तर धातूचा डबाच 230 व्होल्टवर येतो. तो मार्ग नकोच.

आता व्हॉल्यूम शून्यावरही राहणारी 100 हर्ट्झची घूं. इथे फिल्टर कॅपेसिटर, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत मोठे कंडेन्सर. आतला इलेक्ट्रोलाइट वर्षांनुवर्षं सुकतो, क्षमता घटते, अंतर्गत रोध वाढतो आणि लहर गाळली जात नाही. डोकं फुगलं असेल तर शंका नको, पण न फुगताही ते मेलेले असतात. बुडाशी पिवळा-तपकिरी थर दिसला की लोक गळती समजतात. पुष्कळदा तो कॅपेसिटर हलू नये म्हणून कारखान्यातच लावलेला गोंद असतो. मात्र हा गोंद जुना होऊन काळा पडला की वीज वाहू लागतो आणि शेजारच्या पायांना गंज चढवतो. म्हणून लाकडी काडीने हलकेच खरवडून काढा.

बदलताना तोच मायक्रोफॅरड, व्होल्टेज तेवढंच किंवा वरचं, आणि 105 अंश तापमान सोसणारा घ्या. "दुप्पट मोठा घाला, बेस वाढेल" हे ऐकू नका, सेट चालू करताना रेक्टिफायरवर नाहक भार येतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीत घेणार असाल तर पक्क्या दुकानातून, ओळखीच्या कंपनीचा घ्या. जुन्यावर नवं वेष्टण चढवलेला मालही फिरतो.

झाकण उघडण्याआधी प्लग काढा. कॅपेसिटरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज राहतो. 100 ओहम, 5 वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड पकडीने दोन्ही टोकांवर काही सेकंद धरा आणि मीटरवर शून्य दिसल्याशिवाय हात लावू नका. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडू नका. सेट व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) निघाला तर आत तीनशेच्या वर व्होल्ट असतात, तो जाणकाराकडेच द्या. काम झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना स्पीकर काढून ठेवा आणि सिरीज बोर्डावर (ज्यात सेटची वीज बल्बमधून जाते) 60 वॅटचा साधा बल्ब लावा, एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. भक्क पेटून राहिला तर लगेच बंद करा, आत शॉर्ट आहे. मग बल्ब काढून स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी मोजा. 50 मिलिव्होल्टच्या आत असेल तर बरं, व्होल्टात असेल तर स्पीकर जळेल.

व्हॉल्यूमची खरखर म्हणजे कंट्रोलमधल्या कार्बनच्या पट्टीवरची धूळ आणि ओलाव्याचा थर. आपल्या पावसाळ्यात हे व्हायचंच. सेट बंद करून, कंट्रोलचे पाय जिथे बाहेर येतात त्या फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारा, नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीसदा फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. गंज सोडवायचा नेहमीचा स्प्रे किंवा शिलाई मशीनचं तेल घालू नका, दोन महिन्यांत त्यावर धूळ बसून चिखल होतो.

आता महत्त्वाचं. साफ करूनही खरखर आठवड्याभरात परत आली तर कंट्रोल बदलायला धावू नका. मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवा, काळी पिन ग्राउंडला लावा, लाल पिन कंट्रोलच्या तिन्ही पायांवर एकेक करून टेकवा. तिथे जवळपास शून्य असायला हवं. पन्नास-शंभर मिलिव्होल्ट दिसले तर आधीचा किंवा नंतरचा कपलिंग कॅपेसिटर (सिग्नल पुढे देऊन डीसी अडवणारा) डीसी झिरपू देतोय आणि तोच नॉब फिरवताना खरखरतोय. तो छोटा कॅपेसिटर काही रुपयांना मिळतो, नवा कंट्रोल लावलात तर तोही असाच खरखरेल.

डावा स्पीकर मुका होतो तेव्हा व्हॉल्यूम क्षणभर वाढवा. एकदम जागा होऊन चालू राहिला तर स्पीकर रिले (स्पीकर जोडणारा-तोडणारा, विजेवर चालणारा स्विच) किंवा एखाद्या स्विचच्या काळ्या पडलेल्या कॉन्टॅक्टचं काम आहे. टेप मॉनिटर आणि स्पीकर ए-बीचे स्विच क्लीनर मारून पुन्हा पुन्हा दाबा. रिलेला पॉलिश पेपर लावू नका, वरचा मुलामा जातो. तेवढ्याच कॉइल व्होल्टेजचा नवा बसवा. तरीही राहिलं तर सेट चालू असताना लाकडी काडीने बोर्डावर हलकेच टकटक करा. ज्या जागी आवाज येतो-जातो तिथे ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला टाका आहे.

आधी एवढं करून कळवा: व्हॉल्यूम शून्यावर घूं राहते का, दोन्ही बाजूंना येते की एकाच, आणि मागच्या सगळ्या वायरी काढल्यावर काय होतं. बोर्डाचा वरून आणि खालून स्पष्ट फोटोही टाका, ट्रान्झिस्टरचे नंबर वाचता आले पाहिजेत. मग कुठला कॅपेसिटर आणि कुठली जागा ते नेमकं सांगता येईल, आणि मेकॅनिकला तेवढंच काम कागदावर लिहून देता येईल.