सनस्क्रीनवर मेकअप आणि खोडरबराचा चुरा

प्रश्न : ताई, मी नाशिकला एका पतसंस्थेत वसुलीचं काम बघते. निम्मा दिवस ऑफिसात, निम्मा स्कूटीवर. वय 29, रंग सावळा, नाक-कपाळ तेलकट आणि गाल कोरडे. सहा महिन्यांपासून सनस्क्रीन नेमाने लावतेय. पण त्यावर फाउंडेशन लावलं की पाच मिनिटांत हनुवटीवर आणि नाकाच्या कडेला पांढऱ्या वळ्या निघतात. तीन कंपन्या बदलून झाल्या. आता मी सनस्क्रीन वाटाण्याएवढंच घेते, मग वळ्या येत नाहीत. हे चालेल का? मे महिन्यात धाकट्या बहिणीचं लग्न आहे, लॉन्सवर, मुहूर्त दुपारी 12 वाजून 35 मिनिटांचा. करवली मीच आहे.

उत्तर : आधी वाटाण्याचं बोलू. नाही चालणार. बाटलीवर एसपीएफचा, म्हणजे भाजणारं ऊन अडवण्याच्या ताकदीचा, जो 50 आकडा छापलेला असतो तो प्रयोगशाळेत काढताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम एवढा थर लावतात. घरात वजनकाटा कोण घेऊन बसणार, म्हणून साधा हिशेब : तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ. तेवढं चेहऱ्याला आणि मानेला. वाटाणा म्हणजे त्याचा चौथा हिस्साही नाही. थर पातळ झाला की संरक्षण फार झपाट्याने घसरतं. म्हणजे पैसे 50 चे द्यायचे आणि उन्हात जवळजवळ तशीच फिरायचीस. थर कमी करायचेच असतील तर दुसरे कर, याला हात लावू नकोस.

आता त्या वळ्या. मी त्यांना खोडरबराचा चुरा म्हणते, कारण दिसतात तशाच आणि होतातही तशाच, घासल्यामुळे. सनस्क्रीन नुसतं क्रीम नसतं गं. त्यात असे घटक असतात की ते वाळताना त्वचेवर एक पातळ पापुद्रा धरतात. तो पापुद्रा अखंड राहिला तरच ऊन अडतं. तो अर्धवट ओला असताना तू वरून ब्रश फिरवलास की तो फाटतो, गुंडाळला जातो आणि त्याच्या वळ्या होतात. दुधावर साय धरत असताना चमचा घातला तर काय होतं, आठवून बघ.

म्हणून तुझ्या तिन्ही कंपन्यांना मी तूर्तास निर्दोष सोडते. मला संशय तुझ्या हातावर आणि घड्याळावर आहे.

मी हे शिकले ते ब्यूटी पार्लरात नाही, नाटकाच्या रंगपटात. कोल्हापुरात, 26 वर्षांपूर्वी. ज्यांच्या हाताखाली होते ते काका जुन्या वळणाचे, सफेदा, पिवडी, हिंगूळ स्वतः खलणारे. मी पहिल्याच दिवशी एका नटाच्या गालावर रंग जोरजोरात चोळला तर माझा हात धरून म्हणाले, 'चेहरा आहे पोरी, पातेलं नव्हे. घासू नको, थाप.' आजही नवरीच्या समोर बसले की ते वाक्य आधी बोटांत येतं.

तर सकाळ अशी लाव. तोंड धुतलंस, टिपलंस, की मॉइश्चरायझर. ते फक्त कोरड्या गालांना. नाक-कपाळाला तुला त्याची गरज नाही. सकाळचं सीरम लावत असशील तर महिनाभर ते रात्रीकडे ढकल. चिकट जेलसारखं सीरम किंवा कोरफडीचा गर वाळला की आपणहूनच पापुद्रे सोडतो, त्यावर सनस्क्रीन म्हणजे वळ्यांना आमंत्रण. मग पाच मिनिटं चहाची.

त्यानंतर सनस्क्रीन, पण दोन हप्त्यांत. पहिल्या बोटाचं घे, ठिपके ठिपके लाव, पसरव आणि मग तळव्याने दाब. चोळत बसू नकोस. दोन मिनिटांनी दुसऱ्या बोटाचं, तसंच. कानाची पाळी, जिवणीच्या कडा आणि मानेची मागची बाजू विसरतेस, हे मला न बघताही माहीत आहे, सगळ्याच विसरतात. आणि आता आरशासमोरून ऊठ. डबा भर, वेणी घाल, साडीच्या निऱ्या काढ, काहीही कर, पण दहा मिनिटं तोंडाला हात लावू नकोस. घाईच्या घरात ही दहा मिनिटं कुठून आणायची असं म्हणशील. ती आणायची नसतात, कामांचा क्रम बदलायचा असतो. आधी सनस्क्रीन, मग डबा.

परत आलीस की एक टिश्यू पेपर चेहऱ्यावर ठेव आणि नुसता दाबून उचल. वरचं तेल निघून जाईल, पापुद्रा जागेवर राहील. मग फाउंडेशन. ब्रश बाजूला ठेव. स्पंज पाण्यात भिजवून घट्ट पिळ आणि थापत थापत लाव. सगळ्या तोंडाला लावायलाच हवं असंही नाही. तू 29 वर्षांची आहेस, डोळ्यांखाली आणि नाकाच्या कडांना पुरे. प्राइमर, म्हणजे फाउंडेशन नीट बसावं म्हणून त्याच्याआधी लावतात तो थर, वापरत असशील तर तो काढून टाक. चांगलं बसलेलं सनस्क्रीन हाच तुझा प्राइमर. पावडर पफने दाबून, तीही फक्त नाक-कपाळावर.

एवढं करूनही चुरा आला तर मग मात्र भांडण बाटल्यांचं आहे. सनस्क्रीन पाण्याच्या जातीचं आणि फाउंडेशन सिलिकोनच्या जातीचं असेल तर कधीकधी एकावर दुसरं टिकत नाही. मागच्या बाजूला घटकांची यादी असते, त्यातली पहिली चार-पाच नावं बघ. डायमेथिकोन, सायक्लोपेंटासिलोक्सेन असं काही वर दिसलं तर ते सिलिकोन. दोन्ही बाटल्या शक्यतो एका जातीच्या ठेव. आणि विकत घ्यायच्या आधी दुकानातच मनगटाच्या मागच्या बाजूला सनस्क्रीन लाव, बाजारातली बाकीची खरेदी उरक, परत येऊन त्यावर फाउंडेशन थाप. चुरा यायचा असेल तर तिथेच येतो. विक्रेती मुलगी तोंड वाकडं करेल. करू दे.

सनस्क्रीन फाउंडेशनमध्ये कालवून एकदम लावायची युक्ती तुला कुणीतरी सांगेलच. ते करू नकोस. दोन्ही पातळ होतात, पापुद्रा नीट धरत नाही, कुठे जास्त कुठे काहीच नाही असं होतं. 'फाउंडेशनमध्येच एसपीएफ 15 आहे, मग वेगळं कशाला' हेही तसंच. त्या 15 साठी फाउंडेशनही दोन बोटं थापावं लागेल, आणि मग तू वसुलीला नाही, दशावतारात उतरशील. 15 आणि 50 मिळून 65 होत नाहीत, हे तुझ्यासारख्या हिशेबातल्या बाईला सांगायला नको. आकड्यांची गंमत बघ : नीट लावलं तर 30 चं सनस्क्रीन त्वचा भाजणारे किरण साधारण 97 टक्के अडवतं आणि 50 चं साधारण 98 टक्के. म्हणून 50 वरून 70-100 कडे धावण्यापेक्षा बाटलीवर पीए लिहून पुढे अधिकची किती चिन्हं आहेत ते बघ. ती दुसऱ्या जातीच्या किरणांसाठी असतात, काळवंडवणाऱ्या. चार असतील तर उत्तम.

स्कूटीचं निराळं. दर दोन तासांनी सनस्क्रीन पुन्हा लावायचं असतं, पण मेकअपवर ते कसं लावणार? माझं म्हणणं, तू मेकअप घरी करूच नकोस. घरून सनस्क्रीन लावून, ते वाळू देऊन, स्कार्फ-सनकोट-हातमोजे घालून नीघ. स्कार्फ घट्ट बांधला की हनुवटीवर तो दिवसभर घासतो. तुझ्या वळ्या नेमक्या हनुवटीवर का येतात याचं अर्धं उत्तर तिथे आहे. ऑफिसात पोहोचलीस की टिश्यूने टिप आणि पाच मिनिटांत फाउंडेशन थाप. दुपारी पुन्हा बाहेर पडताना आधी घाम-तेल टिप, मग थोडं सनस्क्रीन कोरड्या स्पंजवर घेऊन ठिकठिकाणी दाब. मेकअप थोडा हलेल, तो वर पावडरचा हात दाबला की सावरतो. नुसती एसपीएफवाली पावडर फिरवून काम भागत नाही, तेवढी जाड पावडर कुणी लावत नाही. आणि बाटली स्कूटीच्या डिकीत ठेवत असशील तर आजच बाहेर काढ. नाशिकच्या उन्हात डिकीची भट्टी होते, सनस्क्रीन फाटतं, पाणी वेगळं नि चोथा वेगळा. तसलं लावण्यात अर्थ नाही.

लग्नाचं आता. इथे मी एक स्वतःची फजिती सांगते. काही वर्षांपूर्वी इचलकरंजीत एका नवरीला मी सकाळी पांढरं, खनिज सनस्क्रीन लावलं, वर अगदी तलम पांढरी पावडर. आरशात पोरगी अशी दिसत होती की तिची आजी दृष्ट काढायला उठली. रात्री फोटोग्राफरने कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवले आणि माझ्या पोटात गोळा आला. फ्लॅश पडलेल्या प्रत्येक फोटोत चेहरा पिठात बुडवल्यासारखा पांढरा आणि मान तिच्या मूळच्या गव्हाळ रंगाची. मुंडावळ्यांच्या दोऱ्याखालची पट्टी तेवढी गव्हाळ, बाकी कपाळ पांढरं! झालं काय, तर सनस्क्रीनमधलं झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड आणि त्या पावडरीतली सिलिका यांनी फ्लॅशचा उजेड सरळ परत फेकला. मी निम्मे पैसे परत केले. नवरीकडच्यांनी ते घेतले, आणि बरोबरच केलं.

तेव्हापासून मी प्रत्येक नवरीचा मेकअप झाला की अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा फ्लॅश लावून एक फोटो काढते. तूही काढ. दुपारचा मुहूर्त आहे, 10 ते 4 हा उन्हाचा सर्वांत वाईट काळ, त्यामुळे सनस्क्रीन हवंच. मांडवाचं कापड आहे म्हणून गाफील राहू नकोस, बाजूने आणि खालून उजेड येतोच. फक्त ते पांढरं नको. सावळ्या रंगावर तसंही त्याने राख फासल्यासारखी झाक येते. पाण्यासारखं पातळ, लावल्यावर रंग न सोडणारं घे, पाणी-घामात टिकणारं. आणि काहीही नवं घ्यायचं ते लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा लावू नकोस. पंधरा दिवस आधी घे, एकदा दुपारी पूर्ण मेकअप करून गच्चीवर अर्धा तास कपडे वाळत घाल. जे टिकेल ते लग्नात टिकेल. आहेर, मानपान आणि अक्षतांच्या गडबडीत करवलीला आरसा मिळत नाही, म्हणून पर्समध्ये टिश्यू आणि स्पंज ठेव. घाम रुमालाने पुसू नकोस, टिप.

प्रश्न : माझं वय 44. दोन्ही गालांवर वांग आहे. डॉक्टरांनी सनस्क्रीन सांगितलं आहे, पण मी दिवसभर घरातच असते. वांग झाकायला जाड फाउंडेशन लावावं लागतं. (सांगली)

उत्तर : ताई, घरातही लावा. खिडकीची काच भाजणारे किरण बरेचसे अडवते, पण काळवंडवणारे किरण पुष्कळसे आत येऊ देते. शिवाय वांग नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही वाढतो, आणि साधं सनस्क्रीन तो उजेड फारसा अडवत नाही. तो अडवतं ते त्वचेच्या रंगाचं, टिंटेड सनस्क्रीन, ज्यात आयर्न ऑक्साइड असतं. एका लेपात दोन कामं : ऊनही अडतं आणि वांगही निम्मा झाकला जातो. मग वर फाउंडेशनचा गिलावा लागत नाही, डागापुरतं कन्सीलर बोटाने थापलं की झालं. तुमच्या रंगाला जुळणारी छटा मात्र हातावर नाही, जबड्यावर लावून, दारात उजेडात उभं राहून बघा. डॉक्टरांनी दिलेलं मलम बंद करू नका, आणि हे नवं घेताय तेही त्यांच्या कानावर घाला.

प्रश्न : नाकावर पांढरं फासून क्रिकेटपटू उतरायचे, ते काय असायचं? माझा मुलगा उन्हात सरावाला जातो, त्याला तेच लावू का? (रत्नागिरी)

उत्तर : ते झिंक ऑक्साइडच, ज्याने माझी इचलकरंजीत फजिती झाली. मैदानावर मात्र ते सोन्यासारखं. मुलाला फोटो काढायचे नाहीत ना? मग नाक, गालाची हाडं आणि कानांवर जाड लावा. त्याला लाज वाटली तर जुने फोटो दाखवा. आल्यावर नुसत्या पाण्याने निघणार नाही, तेलाचा बोळा फिरवून मग साबण. उशीचा अभ्रा पांढराच ठेवा, म्हणजे डाग दिसायचे नाहीत.