न्यूफाउंडलंडमध्ये 'फिश' म्हणजे कॉडच का?

तुमचे प्रश्न दोन. न्यूफाउंडलंडच्या राजधानीत, सेंट जॉन्समध्ये 'फिश' म्हटलं की कॉड हा समुद्री मासाच का समजायचा, आणि एकेकाळी स्वतःचं सरकार असलेलं हे बेट 1949 मध्ये कॅनडात का गेलं. दोन्हींचं मूळ मिठात आहे.

कॉड पकडायला फ्रेंच आणि इंग्रज दोघंही येत. फ्रेंचांकडे स्वतःची मिठागरं होती. ते जहाजावरच मासा भरपूर मिठात दाबून ओलाच घरी नेत. इंग्लंडला मीठ बाहेरून, मुख्यतः स्पेन-पोर्तुगालकडून आणावं लागे, त्यामुळे मिठाच्या बाबतीत इंग्रजांचा हात आखडता. मीठ कमी घालायचं तर मासा सुकवायला हवा, आणि सुकवायला किनारा हवा. बोटी, धक्का आणि मांडव सांभाळायला मग हिवाळ्यातही माणसं ठेवावी लागली. क्युपिड्सची वसाहत 1610 ची. पुढे जिथे मासा काढायला आणि वाळवायला जागा मिळाली, तिथे खाडीखाडीत वस्ती झाली.

काम असं चाले. पाण्यात खांब रोवून उभारलेल्या लाकडी छपरीला 'स्टेज' म्हणत. आत एक टेबल. पहिला माणूस गळा कापून पोट उघडतो. दुसरा, म्हणजे 'हेडर', काळीज (लिव्हर) काढून पिंपात टाकतो, कारण त्याचं तेल विकलं जातं. मग आतडी आणि डोकं खालच्या भोकातून पाण्यात. तिसरा 'स्प्लिटर', सगळ्यात कसबी. तो पाठीच्या काट्याचा वरचा मोठा भाग सुरीने उचलून काढतो, शेपटीकडचा तुकडा मात्र राहू देतो, म्हणजे मासा उघडल्यावर सपाट पडतो. काट्याखाली रक्त राहिलं तर तिथूनच सडायला सुरुवात. शेवटी 'सॉल्टर'. कातडी खाली ठेवून थरावर थर आणि प्रत्येक थरावर मीठ, जाड भागावर जास्त, शेपटीकडे कमी. मीठ कमी पडलं तर मासा बुळबुळीत होतो, जास्त पडलं तर मांस जळल्यासारखं होऊन खरखरीत लागतं.

काही आठवड्यांनी मीठ धुऊन, मासे रचून पाणी निथळू द्यायचं आणि मग 'फ्लेक'वर घालायचे. फ्लेक म्हणजे वाशांचा उंच मांडव, वर झाडाच्या डहाळ्या, कारण वारा खालूनही लागला पाहिजे. दिवसा मांस वर, संध्याकाळी कातडी वर करून छोट्या राशी. मासा सुकत जाईल तशा राशी मोठ्या.

आपल्याकडे वलांडीवर बोंबील टांगले की कडक ऊन हवंच असतं. इथे उलट. वारा पडलेला आणि ऊन तापलेलं असेल तर कॉडचं मांस चक्क शिजतं आणि उचलताना गळून पडतं. त्याला ते 'सनबर्न' म्हणत. अशा वेळी मासा पालथा घालायचा किंवा झाकायचा. उलट धुकं-पाऊस लागून राहिला तर चिकटपणा येतो, माश्या बसतात, अळ्या पडतात. आणि या बेटावर धुक्याला तोटा नाही. म्हणून आभाळाकडे बघून धावणं हे रोजचं काम, आणि ते प्रामुख्याने बायकांचं. पुरुष पहाटे बोटीवर गेलेले असत. किनाऱ्यावरचा मासा टिकवणं बायका-पोरांच्या हातात. 'मच्छीमारांचं बेट' म्हणताना ही निम्मी मेहनत हमखास विसरली जाते.

शरद ऋतूत माल व्यापाऱ्याकडे जाई. तिथे 'कलर' नावाचा माणूस प्रत लावे: 'मर्चंटेबल', 'मदीरा' आणि तळाला 'वेस्ट इंडिया'. चांगला माल स्पेन, पोर्तुगाल, इटली, ब्राझीलला. तुटका-फुटका कॅरिबियन बेटांवर, जिथे मळ्यांवरच्या गुलामांना तो खायला घालत. जमैकाच्या 'ॲकी अँड सॉल्टफिश' या पदार्थाचं मूळ या व्यापारात आहे. मोजमाप क्विंटलमध्ये, उच्चार 'केंटल'. मात्र हा आपला 100 किलोचा क्विंटल नव्हे. 112 पौंड, म्हणजे साधारण 51 किलो.

खरी मेख इथे होती. वसंतात व्यापारी पीठ, गूळपाक, जाळी, मीठ उधार देई आणि शरदात त्यावर मासा वळता करून घेई. उधारीच्या मालाचा भाव त्याचा, माशाचाही त्याचाच. प्रत एक पायरी उतरली की वर्षाचा हिशेब कोलमडे. रोकड पैसा अनेक घरांत फिरकतच नसे. विल्यम कोकर यांनी 1908 मध्ये मच्छीमारांची युनियन काढली ती या उधारीच्या विळख्याविरुद्ध.

त्यावर रेल्वेचं आणि पहिल्या महायुद्धाचं कर्ज चढलं. 1 जुलै 1916 ला फ्रान्समधल्या बोमाँ-हामेल इथे न्यूफाउंडलंड रेजिमेंटचे सुमारे 800 जवान पुढे सरसावले. दुसऱ्या दिवशी हजेरीला 68 उभे होते. (सेंट जॉन्समधल्या मेमोरियल युनिव्हर्सिटीच्या नावातलं 'मेमोरियल' हे त्या युद्धातल्या मृतांचं. तुम्ही तिथे जाणार असाल तर लक्षात ठेवा: 1 जुलैला बाकीचा कॅनडा राष्ट्रीय दिन साजरा करतो, इथे सकाळ शोकाची असते.) मंदीत माशाचा भाव पडला, कर्जाचं व्याजच महसुलाचा निम्म्याहून जास्त भाग खाऊ लागलं आणि 1934 मध्ये बेटाने स्वतःचं विधिमंडळ गुंडाळून लंडनने नेमलेला आयोग पत्करला.

1948 मध्ये दोनदा सार्वमत झालं. दुसऱ्या फेरीत कॅनडाच्या बाजूने जेमतेम 52 टक्के. सेंट जॉन्स आणि आसपासच्या ॲव्हेलॉन द्वीपकल्पाचा कौल मुख्यतः स्वराज्याला, दूरच्या खाड्यांचा कॅनडाला. कॅनडाच्या बाजूचे पुढारी जोई स्मॉलवुड यांनी प्रचारात कॅनडा सरकार देत असलेल्या मुलांच्या भत्त्यावर भर दिला होता, आणि तो चेक आईच्या नावे येणार होता. व्यापाऱ्याच्या वहीबाहेरचा पैसा थेट बाईच्या हातात, ही गोष्ट फ्लेकवर राबणाऱ्या घरात काय वजनाची असेल ते वरचं वाचल्यावर वेगळं सांगायला नको. ओळख विकली, असं म्हणणारे आजही भेटतील. मला तो आरोप शहरातून केलेला वाटतो.

2 जुलै 1992 ला उत्तरेकडच्या कॉडच्या व्यापारी मासेमारीवर बंदी आली आणि सुमारे 30,000 लोकांचं काम गेलं. ती बंदी 2024 मध्ये उठली, पण मासेमारी मर्यादितच ठेवून. शब्द मात्र तोच राहिला. सालमनला सालमन, हेरिंगला हेरिंग, कॉडला फिश.

चव बघायची तर 'फिश अँड ब्रूज' करा. खारा कॉड आणि कडक बिस्किटासारखा पाव (हार्ड ब्रेड) रात्रभर वेगवेगळे भिजवा. माशाचं पाणी बदलून तो उकडा आणि काटे काढा. पाव मात्र उकळू देऊ नका, नाहीतर लगदा होईल. उकळी येण्याआधीच उतरवून निथळा. वर खारवलेल्या डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तळलेले तुकडे घालतात, त्यांना 'स्क्रंचन्स' म्हणतात. डुक्कर खात नसाल तर तेलात परतलेला कांदा घाला. आणि वरून मीठ घालण्याआधी चाखून बघा.