दूध संस्थेचा प्रोग्रॅम आणि अडलेली टेबलं

प्रश्न : बी.कॉम. करून मी करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेत सचिवांच्या हाताखाली काम करतो. एसक्यूएल ही डेटाबेसची भाषा थोडीफार येते. संस्थेसाठी प्रोग्रॅम लिहायचाय, पण टेबलं किती आणि कुठली करायची, इथंच गाडी अडते. नॉर्मलायझेशनचे, म्हणजे एकच माहिती दोनदा साठू नये अशी टेबलं पाडायचे, नियम पाठ आहेत, उपयोग होत नाही. हे डेटा मॉडेलिंग शिकायचं कसं?

उत्तर : नियम असू देत पाठ. आठवडाभर कॉम्प्युटर बंद ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ संकलनाला काट्याजवळ उभे राहा. कोण काय विचारतंय, सचिव कुठल्या वहीत काय लिहितायत, तेवढंच टिपा.

माझा पहिला प्रोग्रॅमही दूध संस्थेचाच होता. सभासद, तारीख आणि सकाळ की संध्याकाळ, एवढ्यावर मी पावतीची ओळख ठरवली होती. पहिल्याच सकाळी एकजण म्हशीच्या आणि गाईच्या दुधाच्या दोन किटल्या घेऊन आला आणि म्हशीची नोंद गाईच्या नोंदीवर बसली! दुधाचा प्रकारही किल्लीत, म्हणजे पावतीच्या ओळखीत हवा, हे मला तिथं कळलं. नावाचंही तसंच. गावात चार बाळासो पाटील निघतात, म्हणून सभासद क्रमांक लागतो. आणि एखादा सभासद सोडून गेला, तर त्याचा क्रमांक नव्याला देऊ नका. जुनी बिलं नव्याच्या नावावर दिसू लागतात.

खरा घोळ मी दरात घातला. फॅट आणि एसएनएफवर (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) दर ठरतो, म्हणून दरतक्ता वेगळ्या टेबलात ठेवला. रक्कम साठवायची नाही, छापताना काढायची, असा माझा हट्ट. एकच गोष्ट दोनदा लिहू नये, हे पढवलेलं होतं ना! पुढं दर वाढला, कुणीतरी मागच्या दहा दिवसांचं बिल परत मागितलं, आणि ते नव्या दरानं छापून आलं. संस्थेच्या कट्ट्यावर तासभर मी सगळ्यांची बोलणी खाल्ली. दरतक्त्याला ‘या तारखेपासून लागू’ हा रकाना हवाच. शिवाय त्या दिवशी लागलेला दर पावतीतही ठेवा. आजचा दर आणि त्या दिवशी दिलेला दर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळं ही पुनरावृत्ती नव्हे. नियम पाठ असूनही अडतं ते इथं.

कपातीसाठी मात्र ‘कपात १, कपात २’ असे रकाने पाडत बसू नका. पशुखाद्याची उधारी, उचल, जे काही असेल त्याची एकेक ओळ वेगळ्या टेबलात टाका, शेजारी प्रकार आणि रक्कम. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती टेबलांत मांडायची पद्धत, मांडलं, तेव्हापासूनचा हा पहिला धडा आहे.

टेबलांचं चित्र कागदावरच काढा. पीटर चेन यांनी १९७६ साली सुचवलेल्या चौकोन-रेषांची पद्धत पुरे : चौकोनात सभासद, पावती अशा गोष्टी, आणि रेषा म्हणजे त्यांचं नातं. प्रत्येक रेषेवर दोन्ही बाजूंनी विचारा : एकाला एक, की एकाला अनेक? मग एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस घ्या. फुकट आहे, सर्व्हरही लागत नाही.

त्यात गेल्या वर्षीच्या वहीतलं एका सभासदाचं दहा दिवसांचं बिल भरा आणि बेरीज पैशापर्यंत जुळते का बघा. नाही जुळली तर वही घेऊन सचिवांजवळ बसा. पाच पैसे कुठं पूर्ण केलेत, ते त्यांनाच ठाऊक असतं.