नोकरी आणि घर सांभाळून रोज लिहिण्याची सवय कशी लावावी?

तुमची अडचण अशी आहे की दिवस नोकरीत जातो, संध्याकाळ घरकामात आणि मुलांच्या अभ्यासात. सुट्टीच्या दिवशी सलग तीन-चार तास लिहायचं ठरवता आणि तेही जमत नाही. मीसुद्धा नोकरी सांभाळूनच लिहिते, त्यामुळे आधी ठामपणे एवढंच सांगते: त्या सलग तासांची वाट बघणं सोडून द्या.

सुट्टीचे तास वाया जातात ते तुमच्या आळसामुळे नाही. आठवडाभर हात न लागलेलं लिखाण परकं होतं. आपण कुठे थांबलो होतो, पुढे काय सांगायचं होतं, हे आठवण्यातच बराच वेळ जातो आणि हाताला लय येते न येते तोच कुणीतरी हाक मारतं. याउलट रोज वीस मिनिटं लिहिलं, तर विषय डोक्यात जागा राहतो. भांडी घासताना, प्रवासात, रांगेत उभं असताना पुढचं वाक्य आपोआप सुचतं. त्या वेळी मी ते फोनमध्ये दोन शब्दांत टिपून ठेवते. लिहायला बसल्यावर खरं तर कागदावर उतरवण्याचंच काम उरतं.

अँथनी ट्रोलोप हा एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार ब्रिटिश टपाल खात्यात अधिकारी होता. पहाटे साडेपाचला तो टेबलाशी बसायचा, घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहायचा आणि न्याहारीच्या आधी दिवसाचं लेखन संपवायचा. अशा रीतीने त्याने ४७ कादंबऱ्या लिहिल्या. लोक त्या २५० शब्दांबद्दलच बोलतात; मला त्याच्या आत्मचरित्रातल्या दुसऱ्या दोन गोष्टी जास्त मोलाच्या वाटतात. एक म्हणजे, पहिला अर्धा तास तो आदल्या दिवशीचं लिखाण वाचण्यात घालवायचा. दुसरी, त्याला वेळेवर उठवून कॉफी आणून देणारा एक नोकर होता आणि आपल्या यशाचं श्रेय इतर कुणाहीपेक्षा त्या माणसाला जास्त आहे, असं ट्रोलोपने लिहून ठेवलंय.

या दोन्ही गोष्टी आपल्यालाही करता येतात. नोकर नसेल, पण घरच्यांना तर सांगता येतं. ‘चहा झाला की वीस मिनिटं मी लिहिणार आहे, तेवढ्या वेळात मुलांकडे तुम्ही बघा,’ असं तोंडाने स्पष्ट सांगायला हवं. बायकांना हे मागायला फार संकोच वाटतो. तरी मागा. न सांगता कुणी वेळ काढून देत नाही.

आणि आदल्या दिवशीचं वाचायला अर्धा तास नसेल, तर उठताना पुढच्या दिवसाची सोय करून ठेवा. मी पूर्ण आटोपून उठत नाही. पुढचा मुद्दा माहीत असतो, तेव्हाच थांबते आणि खाली एक ओळ लिहून ठेवते: ‘उद्या इथून, आजीने दार उघडलं नाही त्याचं कारण.’ माझ्या बाबतीत या एका ओळीचा जेवढा उपयोग झाला तेवढा दुसऱ्या कशाचाच झाला नाही. दमलेल्या माणसाला लिहिणं जड जात नाही, कोऱ्या पानापासून सुरुवात करणं जड जातं.

वेळ घड्याळापेक्षा एखाद्या ठरलेल्या कामाला जोडलेली बरी: सकाळचा चहा झाला की, किंवा मुलं झोपली की. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर असाच अभ्यास केला होता. तो २०१० मध्ये छापून आला. प्रत्येकाने एक छोटी कृती दिवसातल्या ठरावीक प्रसंगाला जोडली होती. ती अंगवळणी पडायला लागणारा काळ माणसागणिक १८ ते २५४ दिवस असा निघाला, मध्यक ६६ (निम्म्यांना त्याहून कमी दिवस लागले, निम्म्यांना जास्त). म्हणजे एकवीस दिवसांत सवय लागते या समजुतीवर विसंबून महिन्याभरात निराश होऊ नका. एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही, हेही त्यात दिसलं. त्यामुळे मूल आजारी पडलं, ऑफिसात उशीर झाला, तर त्या दिवसाचा कोटा दुसऱ्या दिवशी भरून काढायला जाऊ नका. नेहमीची वीस मिनिटंच बसा.

दुरुस्ती मात्र या वीस मिनिटांत करायची नाही. ती सुट्टीच्या दिवशी करा. तो वेळ तिच्यासाठी उत्तम.

तुम्ही काय लिहिता ते प्रश्नात नाही. कथा-कादंबरी असेल तर वरचं सगळं जसंच्या तसं लागू पडेल. छोटे लेख असतील, तर दोन-तीन विषय एकाच वेळी अर्धवट लिहून ठेवा. त्या दिवशी जो जवळचा वाटेल तो पुढे न्यायचा.