अमेरिकेत जुना गार्डन ट्रॅक्टर घेऊन दुरुस्त करायचा छंद लावायचा आहे, कुठला घ्यावा?

साठ-सत्तरच्या दशकातला, कोहलरचं के-सिरीज इंजिन असलेला घ्या: इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कब कॅडेट (१९६१पासून) किंवा जॉन डीअर ११० (१९६३पासून). बिडाचं एक-सिलिंडर इंजिन, घरच्या गॅरेजमध्ये उघडता येतं, आणि गॅस्केट, रिंगा, पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारे इग्निशनचे संपर्क) अजून नवे मिळतात.

घेताना इंजिन हाताने फिरतं का बघा. जाम नसेल तर बंद ट्रॅक्टरलाही घाबरू नका, बऱ्याचदा कार्बोरेटर आणि पॉइंट साफ केल्यावर सुरू होतो. गिअरबॉक्सचं ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय, भाव पाडून मागा. पत्रा मात्र धडच हवा. सडलेलं बॉनेट इंजिनापेक्षा जास्त छळतं.

बदल करायचेत? एलईडी दिवे, इलेक्ट्रॉनिक इग्निशन खुशाल बसवा. पण वेगाच्या मोहाने गव्हर्नर (इंजिनाचा वेग मर्यादेत ठेवणारा भाग) काढू नका, कळकळीने सांगतो. ही इंजिनं साधारण ३६०० आरपीएम (मिनिटाला फेरे) पर्यंतचीच. त्यापुढे पिस्टनला जोडलेला ॲल्युमिनियमचा कनेक्टिंग रॉड तुटू शकतो, आणि बिडाचं फ्लायव्हील (इंजिनाचं जड फिरतं चाक) फुटलं तर तुकडे गोळीसारखे उडतात. म्हणूनच ट्रॅक्टरने जड वजन ओढायच्या पुलिंग स्पर्धेतले लोक स्टीलचं फ्लायव्हील आणि त्याभोवती जाड संरक्षक कवच बसवतात.