वाचकांचे प्रश्न : मीटर बरोबर दाखवतो, तरी बॅटरी उकळते

प्रश्न : आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे नाथसागराच्या जलाशयात वापरण्यासाठी एक जुनी डिझेल मोटरबोट आहे. तिची व्यवस्था १२ व्होल्टची असून आल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारे वीज-यंत्र, इंजिनालाच जोडलेला आहे. गेल्या हिवाळ्यापासून बॅटरीतील पाणी आठ दिवसांत प्लेटांच्या खाली जाते, झाकणांभोवती आम्लाचा ओलावा दिसतो आणि इंजिनाच्या कप्प्यात उग्र वास येतो. चालकासमोरच्या फलकावरील मीटर मात्र कायम १४.२ व्होल्ट दाखवतो. त्यामुळे मिस्त्रींनी बॅटरीलाच दोष दिला व आम्ही छत्रपती संभाजीनगरहून नवी बॅटरी आणली. तिचेही तेच झाले, म्हणून कटआउट बदलला, तरी फरक नाही. शेवटी बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावला, तर दिवसा १५.१ आणि संध्याकाळी दिवे व पाणी उपसण्याचा पंप चालू केल्यावर १५.८ व्होल्ट आले. आता आल्टरनेटरच बदलावा काय?
— एक वाचक, ता. पैठण

उत्तर : आल्टरनेटर तूर्त बदलू नये. आपल्या पत्रातील शेवटच्या दोन आकड्यांतच बहुतेक निदान आहे, आणि ते आपण नोंदवून ठेवले याबद्दल आपले कौतुक केले पाहिजे. निरोगी व्यवस्थेत दिवे आणि पंप चालू केले की बॅटरीवरील व्होल्टेज किंचित उतरते किंवा जागेवर राहते. आपल्याकडे भार वाढल्यावर ते ०.७ व्होल्टने चढते. कटआउट, म्हणजे व्होल्टेज रेग्युलेटर, स्वतः जळाला असता तर त्याने दिव्यांची वाट पाहिली नसती. शिवाय नवा बसवूनही आकडा तसाच राहतो, याचा अर्थ दोष त्याच्या बाहेर आहे.

रेग्युलेटर बॅटरीकडे थेट पाहत नाही. एका बारीक तारेतून त्याला जे व्होल्टेज कळते, तेवढेच त्याला ठाऊक असते, आणि ते १४.२च्या आसपास राहील इतका प्रवाह तो रोटरच्या, म्हणजे आल्टरनेटरच्या फिरणाऱ्या भागाच्या, वेटोळ्यात सोडतो. अनेक जुन्या बोटींमध्ये ही संवेदक तार बॅटरीवरून न घेता चावीच्या स्विचमागून घेतलेली असते. बॅटरीपासून निघालेली मुख्य तार इंजिनाजवळच्या बहुपिनी प्लगमधून फलकापर्यंत जाते, तेथे फ्यूज आणि चावी ओलांडते, मग तिच्यावरच दिवे, पंप, मीटर आणि ही संवेदक तार असा सगळा संसार मांडलेला असतो. वाटेत एखादी पिन गंजून हिरवी पडली, तर तिच्यातून जितका जास्त प्रवाह जाईल तितके जास्त व्होल्टेज तिथेच खर्च होते. दिवसा ०.९ व्होल्ट, दिवे लागल्यावर १.६ व्होल्ट. रेग्युलेटरला वाटते की बॅटरी उपाशी आहे, आणि तो नेमका तेवढाच घाटा भरून काढतो.

फलकावरील मीटरही त्या खराब सांध्याच्या पलीकडेच बसलेला आहे. रेग्युलेटरला जे दिसते तेच त्याला दिसते, म्हणून तो १४.२ दाखवतो आणि त्याच्या परीने खरेच बोलतो. मिस्त्रींनी त्याच्यावर विश्वास ठेवला यात त्यांची फारशी चूक नाही, कारण ट्रॅक्टरवर सारे अंतर दोन-तीन हातांचे असते आणि असा घोळ क्वचितच होतो.

हे पडताळण्यासाठी एक मल्टिमीटर आणि दहा-बारा मीटर लांबीची साधी तार पुरते. आधी मल्टिमीटरच्या आतील सेल ताजा आहे ना ते पाहावे. सेल उतरला की अनेक स्वस्त मीटर खरे असते त्यापेक्षा जास्त आकडा दाखवतात. रात्रभर बंद राहिलेली भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, हा साधा ताळा आहे. त्यानंतर मीटरची लाल तार लांब करून ती बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर पक्की धरावी, इंजिन साधारण १५०० फेऱ्यांवर ठेवावे, दिवे व पंप चालू करावेत आणि काळी तार मुख्य तारेच्या मार्गावर एकेका ठिकाणी टेकवत जावे : प्लगच्या अलीकडे, प्लगच्या पलीकडे, फ्यूजच्या दोन्ही टोकांना, चावीच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या टर्मिनलवर. मीटर आता पूर्ण व्होल्टेज दाखवत नाही, वाटेत किती हरवले तेवढेच दाखवतो. ज्या दोन ठिकाणांच्या मध्ये आकडा एकदम उडी घेईल, तेथे दोष आहे. माझा अंदाज प्लगचा आहे. ७ अँपिअर प्रवाह आणि १.६ व्होल्टची घट म्हणजे सुमारे ११ वॅट उष्णता एका पिनेत निर्माण होते. प्लग हाताला गरम लागेल, त्याचे प्लास्टिक तपकिरी झालेलेही आढळेल.

नाथसागराचे पाणी गोडे आहे, मग तांबे खाऱ्या हवेसारखे हिरवे का पडते, असे कोणी विचारील. उन्हाळ्यात पाणी मागे सरकले की बोट आठवडेच्या आठवडे काठावर उभी राहते, त्यानंतर पावसाळ्याचा दमटपणा येतो, आणि उकळणाऱ्या बॅटरीची आम्लयुक्त वाफ त्याच बंद कप्प्यात कोंडलेली असते. म्हणजे जास्त चार्जिंगमुळे सांधे खराब होतात आणि सांधे खराब झाले की चार्जिंग आणखी वाढते. ही साखळी महिन्यागणिक घट्ट होते, म्हणूनच हिवाळ्यात जाणवलेला त्रास उन्हाळ्यात दुप्पट वाटतो.

दुरुस्तीविषयी एक गोष्ट निक्षून सांगतो. बॅटरीपासून रेग्युलेटरच्या संवेदक टर्मिनलपर्यंत स्वतंत्र तार टाकली, की बॅटरीवर लगेच १४.२ येते आणि बहुतेक लोक तेथेच थांबतात. पण गरम होणारी पिन तशीच राहते, दिवे मंद होतात, आणि एखाद्या रात्री ती पिन पूर्ण जळून बोट अंधारात राहते. आधी प्लग बदलावा, किंवा तो काढून टाकून कथिलाचा मुलामा असलेल्या तारांवर नवी थिंबल (तारेच्या टोकाची धातूची जोडटोके) दाबून बसवावीत. मगच स्वतंत्र संवेदक तार टाकावी आणि बॅटरीजवळ तिला ३ अँपिअरचा फ्यूज द्यावा. काही आल्टरनेटरांत संवेदन आणि सुरुवातीची चेतना, म्हणजे रोटरला मिळणारा पहिला प्रवाह, एकाच टर्मिनलवर असते. तसे असल्यास ही तार कायम जिवंत ठेवू नये, चावीने चालणाऱ्या रिलेमधून द्यावी. नाहीतर बंद बोटीची बॅटरी हळूहळू रिकामी होईल.

सांधे निर्दोष निघाले तर पुढच्या शक्यता अशा. रेग्युलेटर आल्टरनेटरपासून वेगळा बसवला असेल, तर त्याची अर्थिंग तपासावी. फायबरच्या बोटीला लोखंडी सांगाडा नसतो, तिथे अर्थिंगही तारेनेच न्यावी लागते, आणि ती ढिली झाली की रेग्युलेटरला व्होल्टेज कमी भासते. दोन बॅटऱ्या आणि निवड-स्विच असल्यास संवेदक तार एका बॅटरीवर आणि चार्जिंग दुसऱ्या बॅटरीवर चालले आहे काय, हे पाहावे. असा उलटा संसार मी पाहिलेला आहे, आणि त्यात एक बॅटरी उपाशी तर दुसरी अजीर्णाने मेली होती. रेग्युलेटरची जोडणी काढूनही आल्टरनेटर जोरात चार्ज करत राहिला, तर मात्र रोटरचा पुरवठा कुठेतरी आतच जोडला गेला आहे. तेव्हा तो खोलावाच लागेल.

आपल्याकडच्या कारागिरांची एक सवय येथे धोक्याची आहे. इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल उचलून ‘डायनामो चार्ज करतो का’ हे पाहण्याची पद्धत जुन्या डायनामोसोबतच संपायला हवी होती. आल्टरनेटरवर तसे केल्यास क्षणात उसळणारे व्होल्टेज त्यातील डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) जाळते. उकळत्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले की ठिणगी पुरते. त्यामुळे कप्प्याचे झाकण आधी उघडून वारा जाऊ द्यावा, आणि विडी काठावरच विझवावी.

उन्हाचाही विचार करावा. १२ व्होल्टच्या बॅटरीला तापमानाच्या प्रत्येक अंशामागे सुमारे ०.०२ ते ०.०३ व्होल्ट कमी लागतात. २५ अंशांना १४.४ व्होल्ट योग्य असतील, तर वैशाखात कप्प्याचे तापमान ४५ अंश झाल्यावर साधारण १३.९ पुरतात. दुरुस्तीनंतर १४.२ आले तरी मे महिन्यात पाण्याची पातळी दर आठवड्याला पाहावी. भर घालायची ती फक्त डिस्टिल्ड वॉटरची, आम्लाची नव्हे. आता निम्मी कोरडी पडलेली बॅटरी वाचली की नाही, हे पूर्ण चार्ज करून प्रत्येक कप्प्यातील आम्लाची घनता मोजल्यावर कळेल. सगळे कप्पे १.२६५च्या आसपास असतील तर ठीक. एखादाच कप्पा बराच खाली असेल, तर ती बॅटरी गेली असे समजावे.

प्रश्न : विष्णुपुरी जलाशयात आमची पेट्रोलवर चालणारी जुनी बोट आहे, इंजिन आतल्या कप्प्यात आहे. आल्टरनेटर जळाला. कारचा आल्टरनेटर नांदेडमध्ये सहज आणि स्वस्त मिळतो, तो चालेल काय?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : बसेल, चार्जही करील, पण बसवू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बंद कप्प्याच्या तळाशी साचते. बोटीसाठी बनवलेल्या आल्टरनेटरची रचना आतील ब्रशांची ठिणगी बाहेरची वाफ पेटवणार नाही अशी केलेली असते. कारच्या आल्टरनेटरला ती अट नसते, कारण तो मोकळ्या वाऱ्यात चालतो. स्थानिक कारागिराकडून जुन्याचेच रिवाइंडिंग करून घेताना त्याच्या हवेच्या छिद्रांवरील बारीक जाळ्या परत बसवल्या आहेत ना, हे स्वतः उभे राहून पाहावे.

प्रश्न : बाहेर लटकणाऱ्या आउटबोर्ड इंजिनालाही हेच लागू होते काय?
— एक वाचक, माजलगाव

उत्तर : अंशतः. बहुतेक आउटबोर्डमध्ये पट्ट्यावर फिरणारा आल्टरनेटर नसतो. फ्लायव्हीलमधील चुंबक आणि स्थिर वेटोळी वीज तयार करतात, आणि एकत्रित रेक्टिफायर-रेग्युलेटर ती एकदिश करून तिला आवर घालतो. चुंबकाचे बळ कमी-जास्त करता येत नसल्याने तिथे रेग्युलेटर जळाला की व्होल्टेज थेट फेऱ्यांबरोबर वाढते. मंद चालीत १३ आणि जोरात १६ असे दिसले तर रेग्युलेटर बदलावा. मात्र त्याआधी बॅटरीची दोन्ही टर्मिनले घासून घट्ट करावीत, कारण ढिल्या टर्मिनलने तो भाग पुन्हा जळतो.